पुळणीचा उतार

१९४३ सालच्या शेवटच्या रात्री मेजर स्कॉट-बाउडन आणि सार्जंट ऑग्डन-स्मिथ हे दोन ब्रिटिश सैनिक जर्मन पहाऱ्यातल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहत गेले. बरोबर गिरमिट होतं. वाळूच्या थराखाली मऊ माती निघाली, तर पुढे तिथे उतरवायचे रणगाडे रुतणार होते. वाळूचे नमुने घेऊन, फुटत्या लाटांतून दोघे परत आले. कोकणातल्या कॉलेजात भूगोल शिकवताना किनारा मोजायला निघण्याआधी मुलांना मी ही हकिगत सांगतोच. वाळूच्या मोजमापावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे तिथे जसं पटतं तसं दुसरीकडे कुठे पटत नाही.

उतारही तितकाच मोलाचा होता. उतार शंभरास एक असेल, तर एक मीटर पाण्यात टेकलेली नौका काठापासून शंभर मीटर लांब राहते. तेवढं अंतर सैनिकांनी गोळीबारात पाण्यातून चालायचं. त्यात मध्येच वाळूचा दांडा असला, तर नौका त्यावर अडते आणि पलीकडच्या खोलगटात रणगाडा बुडतो. सगळीकडे माणसं पाठवणं अशक्य, म्हणून विमानातून फोटो घेतले. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: खोली चौपट, तर वेग दुप्पट. ठरावीक अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत तीच लाट किती सरकली ते मोजायचं, त्यावरून खोली काढायची. डब्ल्यू. डब्ल्यू. विल्यम्स यांनी १९४७ मध्ये ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. शत्रूचा किनारा लांबून, त्याच्याच लाटांकडून मोजून घेण्याची ही युक्ती मला आजही थक्क करते.

आम्ही मात्र के. ओ. एमरींची पद्धत वापरतो. या अमेरिकी सागरी भूवैज्ञानिकाने ती १९६१ मध्ये मांडली. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, वरून खाली आखलेल्या, आणि मधलं अंतर कायम ठेवायला एक दोरी. समुद्राकडच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत येईपर्यंत मागच्या काठीजवळच्या मुलाने डोळा खाली आणायचा. ती नजर मागच्या काठीला जिथे छेदते, तो आकडा म्हणजे तेवढ्या अंतरातला उतार. पुढे वाळू चढती असेल, तर आकडा पुढच्या काठीवर वाचायचा. मग मागची काठी पुढचीच्या जागी न्यायची, असं पाण्यापर्यंत. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज किंचित खाली दिसतं. दीड मीटर उंचीवरून पाहिलं, तर शंभर मीटरला सहा सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो, तो दुरुस्त करता येतो. धुक्यात आणि पावसाच्या सरीत मात्र काम थांबतं, कारण क्षितिजच नाहीसं होतं.

सुट्टे आकडे कागदावर जोडले की किनाऱ्याची कड उमटते. मे अखेरीस तिच्यावर वाळूचा वरंबा ठळक असतो. पावसाळ्यातल्या लाटा तो कापून वाळू आत ओढतात आणि हिवाळ्यात ती हळूहळू परत येते. म्हणून ऑगस्टची एकच कड बघून ‘किनारा गेला’ म्हणत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करणं मला पटत नाही. आधी निदान काही वर्षांच्या मे आणि ऑगस्टच्या कडा एकावर एक ठेवून पाहाव्यात.

त्यासाठी सुरुवात दर वेळी त्याच खुणेपासून हवी. ती खूण सुरूच्या झाडावर करू नये, मोठ्या उधाणात पहिलं तेच जातं. देवळाचा चौथरा बरा.