तेल गळतंय, पण कुठून?

तर झालं असं. दिवाळीला अमरावतीला घरी गेलो आणि पोर्चमध्ये गाडीखाली पुठ्ठा पसरलेला दिसला. पुठ्ठ्यावर नाण्याएवढे काळे डाग.

"ऑइल गळून रायलं," बाबा म्हणाले. "गॅरेजवाला म्हणते मागचं क्रँक सील गेलं. गिअरबॉक्स उतरवा लागते. १४ हजार. त्यापेक्षा विकूनच टाकू आता."

१६ वर्षं जुनी गाडी. मी क्लच सोडायला शिकलो तो हिच्यावर, आणि आजोबांच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या त्याही हिनेच. विकायचं काही मनाला पटेना. त्यात आपला धंदा बग शोधायचा. एरर जिथे दिसते तिथेच चूक असते असं थोडंच आहे? रात्री वाचायला बसलो आणि इंजिनावरून थेट इतिहासात घुसलो.

आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे. ते झिरपायचं, पुन्हा घालायचे. त्याला 'लीक' म्हणायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. सुरुवातीच्या कित्येक मोटारींचंही तसंच होतं: तेल थेंबथेंब आत सोडायचं, काही जळायचं, उरलेलं रस्त्यावर. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली आलं, तेही कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून!

पुढे तेच तेल इंजिनात फिरवून पुन्हा वापरायला लागले, आणि ते आत ठेवायचं कसं हा प्रश्न आला. झाकणांच्या फटीत बुचाच्या लाकडाची पॅकिंग, फिरत्या दांड्याभोवती दोर नाहीतर चामडं. जर्मनीत वाइनहाइम गावात फ्रॉइडेनबर्ग नावाचा चामडं कमावणारा कारखाना होता. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी चामड्याची सील करायला घेतली. वाल्थर झिमर या इंजिनिअरच्या नावावरून त्यांना 'झिमररिंग' म्हणू लागले. १९३६ मध्ये चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आज आपल्या गाडीत जे ऑइल सील असतं, ते याच घराण्यातलं.

पण हे सील तेल अडवायला असतं, दाब अडवायला नाही. आणि दाब तर इंजिनात तयार होतोच. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली चेंबरकडे उतरतो, त्याला बाहेरची वाट लागते. जुन्या गाड्यांत त्यासाठी खाली तोंड करून एक साधा पाइप सोडलेला असायचा. सगळी वाफ हवेत. १९५० च्या आसपास कॅलिफोर्नियात हागन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवलं की लॉस एंजेलिसचं डोळे चुरचुरवणारं धुरकं न जळलेल्या इंधनाच्या वाफा आणि ऊन यांतून तयार होतं. मग १९६१ पासून तिथल्या नव्या गाड्यांत हा वायू एका व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनातच ओढून जाळायला लागले. हीच व्यवस्था पुढे जगभर गेली. हवा सुधारली, पण मेख अशी की ही वाट तुंबली तर वायू सीलांतून आणि पॅकिंगांतून बाहेर पडू बघतो, आणि सोबत तेलही आणतो.

हे डोक्यात घेऊन दुसऱ्या दिवशी ऑइलची पातळी बघितली, कमी होतं ते भरलं आणि अकोल्याला मामांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. साठीचा माणूस. गाडीखाली वाकलासुद्धा नाही.

"दादा, तेल वरून खाली येते, खालून वर नाही जात. आधी इंजिन धू."

इंजिन धुतलं, वाळवलं, वर चक्क टाल्कम पावडर मारली. बोरगाव मंजूपर्यंत चक्कर मारून आलो. बॉनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर तपकिरी झालेली. तिथून तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट गिअरबॉक्सच्या सांध्यावर. खालून बघणाऱ्याला वाटणारच, क्रँक सील गेलं म्हणून!

मग त्याने गाडी चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर कागद धरला. इंजिन धड असेल तर कागद हलकासा आत ओढला जातो. आमचा फडफडत उडाला.

"कायले इंजिन खोलता? श्वास कोंडला हाय तिचा."

ब्रीदर पाइप काढला तर आत काळा चिखल. बाबांची रोजची धाव घर ते बाजार, दोन किलोमीटर. इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ तशीच राहते आणि तेलात मिसळून गाळ होतो. नवा पाइप, नवा व्हॉल्व्ह, टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग, मजुरी. एकूण १,८५० रुपये.

खरं सांगू? १४ हजार घालून सील बदललं असतं तरी डाग पडतच राहिले असते. आणि मग 'गाडीच बाद झाली' म्हणून आम्ही ती फुंकून टाकली असती.

परत येताना गाडी मुद्दाम नीट तापू दिली. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला होता. बाबा गप्प होते. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाले, "आता रविवारी हिले घेऊन बडनेऱ्यापर्यंत तरी जाऊन येत जाईन."

तुमच्याही गाडीखाली डाग दिसला तर आधी धुवा, मग वरून खाली बघत या आणि इंजिनाला श्वास घेता येतोय ना ते तपासा. चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर मात्र काही शोधत बसू नका, तिथल्या तिथे इंजिन बंद करा.

पुठ्ठा अजून पोर्चमध्ये आहे. बाबा दर रविवारी त्याचा फोटो पाठवतात. कालचाही कोरडा होता.