समलिंगी विवाह, ख्रिस्ती नीती आणि कायदा

समलिंगी विवाहाला राज्याने मान्यता द्यावी की नाही, यावर ख्रिस्ती जगात चालू असलेल्या वादात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळतात. समलिंगी संबंध पाप आहेत का, हा पहिला. जे पाप आहे ते कायद्याने रोखावे का, हा दुसरा. पहिल्याला 'होय' म्हणणारा माणूस दुसऱ्यालाही 'होय'च म्हणणार, असे धरून चालण्याची पद्धत आहे. इतिहास मात्र तसे सांगत नाही. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून काढावेत म्हणून ज्यांनी आधी हालचाल केली, त्यांत ते पाप मानणारे धर्मगुरू होते.

परंपरेचा शास्त्राधार थोडक्यात असा : उत्पत्तीच्या पुस्तकातील स्त्री-पुरुषाची निर्मिती, लेवीय पुस्तकातील निषेध, पौलाच्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, आणि मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात घटस्फोटाविषयी बोलताना येशूने उत्पत्तीचा दिलेला दाखला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काही अभ्यासकांनी या उताऱ्यांचा निराळा अर्थ लावला. त्यांचा आद्य प्रवर्तक म्हणजे अँग्लिकन धर्मगुरू डेरिक शेर्विन बेली. सदोमच्या कथेतील पाप मुळात आतिथ्यभंगाचे होते, असे त्याने १९५५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. हा अर्थ सर्वमान्य झालेला नाही.

विवाह हा कोणाच्या अखत्यारीतला विषय, यावरही ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभा विवाहाला सात संस्कारांपैकी एक मानते. धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमक्षच तो व्हावा, असा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातला. मार्टिन ल्यूथरने विवाह संस्कारांतून वगळला आणि ती राजसत्तेच्या कक्षेतली ऐहिक बाब ठरवली. अमेरिकेत प्लिमथ येथे उतरलेल्या कर्मठ प्रॉटेस्टंटांनी १६२१ मध्ये आपला पहिला विवाह चर्चमध्ये न लावता दंडाधिकाऱ्यापुढे लावला. चर्चचा विवाह वेगळा आणि सरकारी विवाह वेगळा, ही कल्पना आज निधर्मी मंडळींची मानली जाते. तिचे एक मूळ असे थेट धर्मसुधारणेत आहे.

कायद्याने नीती लादण्याच्या प्रश्नावर ख्रिस्ती विचारातले एक जुने पद्धतशीर विवेचन तेराव्या शतकातील टॉमस अक्वायनस याचे. मानवी कायद्याने सगळे दुर्गुण दडपावेत का, असा प्रश्न त्याने 'सुम्मा थिऑलॉजिए'मध्ये उभा केला आणि उत्तर नकारार्थी दिले. कायदा सामान्य माणसांसाठी असतो. ती काही सद्गुणाच्या शिखरावर पोहोचलेली नसतात. म्हणून कायद्याने फक्त गंभीर दुर्गुण रोखावेत, विशेषतः खून, चोरी यांसारखे इतरांना इजा करणारे. गंमत अशी, की याच ग्रंथात पुढे त्याने समलिंगी संबंधांना 'निसर्गविरोधी' पापांत आणि म्हणून कामवासनेच्या सर्वांत गंभीर पापांत घातले आहे. त्यामुळे आजही दोन्ही बाजू त्याचाच आधार घेतात आणि दोघींनाही तो पुरेसा मिळतो.

इंग्लंडमध्ये हे पाप गुन्हा कसे झाले, त्यामागे धर्मनिष्ठेपेक्षा राजकारण अधिक होते. आठव्या हेन्रीने १५३३ मध्ये कायदा करून हा विषय धर्मन्यायालयांकडून काढून राजाच्या न्यायालयांकडे आणला आणि शिक्षा मृत्युदंडाची ठेवली. रोमच्या चर्चचे अधिकार हिसकावून घेण्याच्या त्याच्या मोहिमेचाच तो भाग होता. मृत्युदंड १८६१ मध्ये रद्द झाला. १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील इतर वर्तनही दंडनीय केले आणि १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड त्याखाली तुरुंगात गेला.

कलाटणी १९५० च्या दशकातली. बेलीच्या पुढाकाराने चर्च ऑफ इंग्लंडच्या नैतिक कल्याण परिषदेने १९५४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला आणि प्रौढांच्या खासगी संबंधांतून फौजदारी कायदा काढून घेण्याची सूचना केली. त्याच वर्षी सरकारने सर जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कॅथलिक कार्डिनल बर्नार्ड ग्रिफिन यांनी तिला साहाय्य म्हणून नेमलेल्या गटाचेही मत असेच पडले. वर्तन पापच आहे, पण प्रत्येक पाप गुन्हा नसते. सप्टेंबर १९५७ मध्ये आलेल्या वुल्फेंडन अहवालाने खासगी नीती-अनीतीचे एक क्षेत्र कायद्याच्या कामकाजाबाहेर ठेवले. कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी अहवालाच्या या भागाला पाठिंबा दिला. समितीतून मुख्य शिफारशीला विरोध केला तो जेम्स अडेर या स्कॉटिश विधिज्ञाने. याच अहवालात रस्त्यावरील वेश्याव्यवसायावर कडक कारवाई करण्याचीही शिफारस होती. तिचा कायदा दोन वर्षांत झाला, समलिंगी संबंधांचा व्हायला दहा वर्षे लागली. १९६७ च्या कायद्याला लॉर्ड्सच्या सभागृहात पाठिंबा देणाऱ्यांत तेव्हाचे आर्चबिशप मायकल रॅमझी होते. हे संबंध नैतिक दृष्ट्या योग्य आहेत, असे त्यांचे मत नव्हते. स्कॉटलंडमध्ये बदल १९८० मध्ये आला. उत्तर आयर्लंडमध्ये इअन पेझ्ली यांच्या प्रॉटेस्टंट गटाने प्रखर मोहीम चालवूनही, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निकालानंतर तो १९८२ मध्ये आला.

वुल्फेंडन अहवालाला सर्वांत गाजलेले उत्तर धर्मपीठावरून आले नाही, ते न्यायासनावरून आले. न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांनी १९५९ मध्ये ब्रिटिश अकॅडमीत व्याख्यान दिले. समाज सामायिक नीतीने बांधलेला असतो आणि ती सैल झाली की समाज विस्कटतो. म्हणून राजद्रोहाविरुद्ध जसा कायदा करता येतो तसा अनीतीविरुद्धही करता येतो, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी स्वतः दिलेले उदाहरण विवाहाचेच आहे. एकपत्नीकत्व इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्मामुळे आले हे खरे, पण आता ते समाजाच्या घराच्या बांधकामातच बसले आहे, काढू गेल्यास घर पडेल. डेव्हलिन तरुणपणी डॉमिनिकन या कॅथलिक संघात दाखल होऊन लवकरच बाहेर पडले होते. तरी त्यांच्या व्याख्यानाची भिस्त बायबलवर नव्हतीच. ऑक्सफर्डचे एच. एल. ए. हार्ट यांनी १९६३ च्या पुस्तकात उत्तर दिले, की नीती बदलली म्हणून समाज नष्ट होत नाही. तो बदलतो इतकेच, आणि नष्ट होतो याचा पुरावा डेव्हलिन देत नाहीत. पुराव्याच्या या मुद्द्यावर हार्ट वरचढ ठरले, असेच म्हणावे लागते.

या वादाची तालीम शंभर वर्षे आधी झाली होती आणि तिचा संबंध भारताशी आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये, इतरांना होणारी इजा हेच सक्तीचे एकमेव समर्थन, हा सिद्धांत मांडला. त्याचे खंडन करणारे १८७३ चे पुस्तक जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने लिहिले. तो भारत सरकारचा विधी सदस्य होता आणि पुस्तकाचा बराच भाग त्याने भारतातून परततानाच्या बोटीवर लिहिला. इथे मराठी वाचकाला आगरकर आठवतील. मिल वाचून तयार झालेले आगरकर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या बाजूने होते, तर सामाजिक सुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने नको, असा टिळकांचा पवित्रा होता. साम्य पुरते नाही. त्या वादात बालिकेला होणारी इजा समोर होती, आणि तिथे कायदा हवा असे मिलच्या तत्त्वानेही निघते.

विवाहाच्या बाबतीत 'राज्याचे नियम वेगळे, चर्चचे वेगळे' हा मार्ग स्पष्टपणे सुचवणारा प्रसिद्ध ख्रिस्ती लेखक म्हणजे सी. एस. लुइस. विषय समलिंगी विवाहाचा नव्हता, घटस्फोटाचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील रेडिओ भाषणांतून आणि १९४३ च्या पुस्तिकेतून त्याने म्हटले, की ब्रिटनमधले बहुसंख्य लोक ख्रिस्ती जीवन जगत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर ख्रिस्ती विवाहाचे नियम लादू नयेत. मुसलमानांनी इतरांना दारू बंद केली तर आपल्याला कसे वाटेल, असा त्याचा सवाल होता. त्याचा मित्र जे. आर. आर. टॉल्किन कॅथलिक होता. त्याने या मताचा प्रतिवाद करणारे पत्र लिहायला घेतले, पण पाठवले नाही. मसुदा त्याच्याजवळच्या त्या पुस्तिकेतच सापडला आणि पुढे त्याच्या पत्रसंग्रहात छापला गेला. टॉल्किनचे म्हणणे असे : ख्रिस्ती विवाह ही एखाद्या पंथाची खास शिस्त नाही, माणूस कसा घडलेला आहे याविषयीचे ते सत्य आहे. ते सत्य असेल तर सर्वांना लागू आहे, आणि नसेल तर ख्रिस्ती लोकांनाही लागू करण्याचे कारण नाही. समलिंगी विवाहाच्या वादात पुढे दोन्ही बाजूंनी जे काही मांडले गेले, त्याचा गाभा या दोघांत येऊन गेला आहे.

वुल्फेंडनच्या वेळची तडजोड विवाहाला पुरत नाही, याचे कारण शिक्षा न करणे आणि मान्यता देणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. राज्य डोळेझाक करू शकते, पण विवाह नोंदवताना त्याला सही करावी लागते. व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाचा २००३ चा दस्तऐवज नेमका याच भेदावर उभा आहे. सहन करणे वेगळे आणि कायदेशीर मान्यता देणे वेगळे, असे सांगून त्याने कॅथलिक लोकप्रतिनिधींना अशा विधेयकांना विरोध करण्याचे कर्तव्य घालून दिले. त्यावर सही कार्डिनल जोसेफ राट्झिंगर यांची, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट यांची होती. याच्या उलट बाजूचे ख्रिस्ती म्हणतात, राज्याची सही म्हणजे आशीर्वाद नव्हे. घटस्फोटितांचे पुनर्विवाह राज्य नोंदवते आणि कॅथलिक ख्रिस्तसभा ते मानत नाही. इथेही तसेच चालावे. हा युक्तिवाद व्यवहारात भक्कम आहे. टॉल्किनला मात्र तो पटला नसता, कारण घटस्फोटाची तडजोडच त्याला नामंजूर होती.

आयर्लंडमध्ये हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. तिथे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, राज्यघटनेच्या ख्रिस्ती स्वरूपाकडे बोट दाखवून, समलिंगी संबंधांवरील व्हिक्टोरियन बंदी कायम ठेवली होती. ती १९९३ मध्ये गेली. २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस, कॅथलिक आणि चर्चच्या कायद्याच्या अभ्यासक, यांनी उघड पाठिंबा दिला होता. निकालानंतर डब्लिनचे आर्चबिशप डिअरमिड मार्टिन यांनी, चर्चने वास्तवाकडे डोळे उघडून पाहण्याची गरज आहे, असे म्हटले. व्हॅटिकनचे कार्डिनल पारोलिन यांना हा मानवतेचा पराभव वाटला. एकाच ख्रिस्तसभेतल्या या दोन प्रतिक्रिया.

इंग्लंडने २०१३ मध्ये कायदा केला तेव्हा उलटाच पेच होता. चर्च ऑफ इंग्लंड हे राजमान्य चर्च. आपल्या हद्दीतल्या रहिवाशांचे विवाह लावणे हे त्याच्या धर्मगुरूंचे कायदेशीर कर्तव्य. म्हणून त्याच कायद्याने त्या चर्चला समलिंगी विवाह लावण्याची मनाई केली, क्वेकर आणि युनिटेरियन यांसारख्या पंथांना मात्र मुभा दिली. लॉर्ड्समध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी विधेयकाला विरोध केला होता. पुढे ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने २०२१ मध्ये आणि चर्च ऑफ स्कॉटलंडने २०२२ मध्ये असे विवाह लावण्यास परवानगी दिली. कॅथलिक ख्रिस्तसभेने डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना अनौपचारिक आशीर्वाद देण्याची मोकळीक दिली, विवाहाची व्याख्या मात्र बदलली नाही.

आफ्रिकेच्या बऱ्याच भागात वाद अजून पहिल्याच पायरीवर, म्हणजे शिक्षेवर आहे. युगांडाच्या २०२३ च्या कायद्यात काही प्रकारांसाठी मृत्युदंड आहे. तिथल्या अँग्लिकन चर्चच्या प्रमुखांनी कायद्याचे स्वागत केले, मृत्युदंडाचे नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत दक्षिण सुदानहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस, वेल्बी आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे मॉडरेटर या तिघांनी अशा संबंधांना गुन्हा ठरवण्याचा एकत्र निषेध केला. युगांडाच्या कायद्याचे पूर्वज मात्र ब्रिटिश वसाहतीचेच कायदे आहेत.

भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचे मूळही तेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ काम केलेले न्या. अजित प्रकाश शहा त्या खंडपीठाचे प्रमुख होते. निकालात डॉ. आंबेडकरांच्या संविधानिक नीतीच्या कल्पनेचा आधार घेऊन ती लोकरूढ नीतीहून वेगळी काढली आहे. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि केरळमधील अपोस्टॉलिक चर्चेसची संघटना होती. २०१३ मध्ये कलम पुन्हा लागू झाले तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी सांगितले, की समलिंगी विवाहाला ख्रिस्तसभेचा विरोध आहे, पण समलिंगी व्यक्तींना तिने कधी गुन्हेगार मानलेले नाही. फिशर यांची भूमिका अशी ५६ वर्षांनी मुंबईत ऐकू आली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने कलमाचा तो भाग कायमचा रद्द केला.

शिक्षेकडून विवाहाकडे वळले, तर गोव्यात पोर्तुगीज काळापासून विवाह हा दिवाणी करार आहे आणि कॅथलिकांच्या चर्चमधील विवाहाला त्या कायद्याखाली दिवाणी परिणाम मिळतो. पोर्तुगालने २०१० मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता टिकून असल्याने तो बदल तिथे पोहोचला नाही.

समलिंगी विवाहाची मागणी भारतात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली ती प्रामुख्याने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या आधारे. या कायद्याचा पूर्वज १८७२ चा. वधू-वरांनी आपण ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान वगैरे कोणत्याही प्रस्थापित धर्माचे नाही असे लिहून दिल्यास त्यांना धर्माबाहेर विवाह करू देणारा तो कायदा विधिमंडळात पार पाडला तो नीतीच्या सक्तीचा पुरस्कर्ता स्टीफन यानेच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने, विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे, असा निर्णय दिला. पुनर्विलोकनाच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.