पडद्यावरचे गोल बटण

सॉफ्टवेअर सिंथेसायझर प्रथमच उघडणाऱ्याला पडद्यावर एक यंत्र दिसते: धातूचा पत्रा, कोपऱ्यांत स्क्रू, हलकी सावली पडलेली गोल बटणे. त्या स्क्रूंनी काहीच जोडलेले नसते. संगणकातून ध्वनी काढायला यातले काहीही लागत नाही. १९५७ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून सतरा सेकंदांची रचना वाजवून घेतली, तेव्हा स्वर आकड्यांनी लिहून द्यायचा आणि वाट पाहायची, एवढेच वादकाच्या हाती होते. बॅरी व्हर्को यांच्या १९८६ च्या सीसाउंडमध्येही वाद्य आणि स्वरलेखन या दोन्ही गोष्टी निव्वळ मजकूर म्हणूनच लिहाव्या लागत. आरंभीचे संगणकसंगीत हा मुख्यतः लेखनाचा व्यवहार होता. कानाची पाळी शेवटी येई.

बटण आले ते दुसऱ्या घराण्यातून. १९६४ पासून रॉबर्ट मूग यांनी घडवलेल्या यंत्रांत बटण फिरवले की विद्युतदाब बदले आणि दाबाबरोबर स्वर किंवा त्याचा पोत. त्यात रूपक काही नव्हते.

या घराण्यातले एक छोटे यंत्र आपल्याही ओळखीचे असायला हवे. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे १९८१ च्या सुमारास एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून निघाले. त्यावर ओळीने सहा लहान बटणे होती. १९८२ साली मुंबईत, चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या चरणजीत सिंग यांनी ते टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ यांच्या जोडीने वापरून दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची या यंत्राची सोय मींडेच्या इतकी जवळ जाते, की त्यांना ते का रुचले असावे हे ऐकताक्षणी कळते. (मुद्रिका फारशी कोणी विकत घेतली नाही, तिची चर्चा झाली ती २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर.) तिकडे शिकागोत फ्यूचर या गटाने यंत्र चालू ठेवून त्याची बटणे पिळत राहण्यातून नवाच नाद काढला, ती रचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. कटऑफ आणि रेझोनन्स ही दोन बटणे दोन हातांनी एकाच वेळी फिरवणे, हेच तिथे वादन होते.

स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने १९९७ साली ‘रीबर्थ’मध्ये हीच यंत्रे पडद्यावर चितारली. इथे बटण प्रथमच रूपक झाले. नवखा माणूस माउस गोल फिरवू पाहतो. प्रत्यक्षात अशा बटणावर माउस दाबून तो वर किंवा खाली ओढायचा असतो. डोळ्याला वर्तुळ आणि हाताला सरळ रेषा, अशी ही फारकत आहे. याच कंपनीच्या २००० सालच्या ‘रीझन’मध्ये टॅब कळ दाबली की रॅकची पाठ दिसते आणि लोंबणाऱ्या वायरी हलतात. त्यांना कोणी दिखाऊ म्हणेल. मला त्या स्क्रूंपेक्षा प्रामाणिक वाटतात, कारण एका खाचेतली वायर दुसरीत लावली की ध्वनी खरोखर तिथून वाहतो.

मात्र माउसचा बाण एकच. दोन बटणे एकत्र फिरवणे त्याने शक्य नाही. उपाय म्हणून खरी बटणे असलेली पेटी मिडीने जोडतात. पण साध्या मिडी संदेशात बटणाच्या साऱ्या प्रवासाला ० ते १२७ इतक्याच पायऱ्या असतात, आणि संथपणे फिल्टर उघडताना कधीकधी त्या ऐकू येतात.

रीबर्थची संगणकावरील आवृत्ती २००५ मध्ये बंद झाली. २०१० मध्ये ते आयपॅडवर आले आणि दोन बोटांनी दोन बटणे पुन्हा एकाच वेळी फिरवता येऊ लागली. रोलँडने बौद्धिक संपदेचा आक्षेप घेतल्यावर २०१७ मध्ये ती आवृत्तीही मागे घेण्यात आली.