नैसर्गिक व कृत्रिम नाताळवृक्ष

नाताळवृक्ष (रूढ नाव: ख्रिसमस ट्री) म्हणजे नाताळच्या सणात घरात, चर्चमध्ये किंवा सार्वजनिक चौकात उभारला जाणारा आणि दिवे, तारे, रंगीत गोळे इत्यादींनी सजवला जाणारा सदाहरित वृक्ष होय. त्यासाठी शेतात वाढवून तोडलेले सूचिपर्णी झाड किंवा प्लॅस्टिक व धातूपासून बनवलेली त्याची प्रतिकृती वापरली जाते. या दोहोंपैकी कोणते निवडावे, हा यूरोप व उत्तर अमेरिकेत दर वर्षी चर्चिला जाणारा विषय आहे. खर्च, सोय, आगीचा धोका व आरोग्य यांबरोबरच पर्यावरणावरील परिणाम हा या चर्चेतील प्रमुख मुद्दा असतो. या विषयावरील अभ्यासांनुसार हा परिणाम केवळ झाड खरे की कृत्रिम यावर ठरत नाही. कृत्रिम झाड किती वर्षे वापरले जाते, खरे झाड किती दुरून आणले जाते आणि सण संपल्यावर त्याचे काय केले जाते, यांवर तो मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

इतिहास

नाताळात सजवलेले झाड ठेवण्याची प्रथा इ.स.च्या १६व्या शतकात जर्मन भाषक प्रदेशात रुजली. स्ट्रासबर्ग येथील इ.स. १६०५ मधील एका वर्णनात रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे व साखरेचे पदार्थ टांगलेल्या घरगुती झाडांचा उल्लेख आढळतो. इ.स. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांचे कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र छापले आणि ब्रिटनमध्ये ही प्रथा मध्यमवर्गात वेगाने पसरली. इ.स. १८५० मध्ये हेच चित्र किरकोळ फेरफार करून 'गोडीज लेडीज बुक' या अमेरिकन मासिकाने प्रसिद्ध केले.

कृत्रिम झाडांचा उगमही जर्मनीतच झाला. १९व्या शतकात तेथे हंसजातीय पक्ष्यांची पिसे हिरवी रंगवून तारेवर गुंडाळत व त्यांपासून फांद्या तयार करीत. सणासाठी होणारी कोवळ्या झाडांची तोड, हे या पिसांच्या झाडांमागील एक कारण सांगितले जाते. १९३०च्या दशकात ॲडिस या ब्रश बनवणाऱ्या कंपनीने ब्रशच्या केसांसारख्या तंतूंपासून झाडे तयार केली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चंदेरी ॲल्युमिनियमची झाडे लोकप्रिय झाली. धातूच्या झाडावर विजेच्या माळा लावल्यास झटका बसण्याचा धोका असल्याने त्यांवर बाजूला ठेवलेल्या फिरत्या रंगीत चकतीतून प्रकाश टाकला जाई. इ.स. १९६५ मधील 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' या दूरचित्रवाणीपटात अशा झाडांची थट्टा झाल्यानंतर त्यांची लोकप्रियता ओसरली, असे मानले जाते. त्यानंतर प्लॅस्टिकच्या झाडांनी बाजार व्यापला.

नैसर्गिक झाडे

आज विकली जाणारी बहुतेक नैसर्गिक झाडे जंगलातून तोडलेली नसून याच कारणासाठी लागवड केलेली असतात. यूरोपात नॉर्डमन फर व नॉर्वे स्प्रूस, तर अमेरिकेत फ्रेझर फर, बाल्सम फर व डग्लस फर या जाती प्रचलित आहेत. नॉर्वे स्प्रूस तुलनेने स्वस्त असला, तरी उबदार खोलीत त्याची सुईसारखी पाने लवकर गळतात. नॉर्डमन फरची पाने जास्त काळ टिकतात. नॉर्डमन फरच्या बियाण्याचा मोठा भाग जॉर्जिया देशातील राचा प्रदेशातून येतो. डेन्मार्क हा या झाडांचा प्रमुख निर्यातदार आहे, तर अमेरिकेत ओरेगन व नॉर्थ कॅरोलायना ही राज्ये उत्पादनात आघाडीवर आहेत.

सुमारे दोन मीटर उंचीचे झाड तयार होण्यास साधारण ७ ते १० वर्षे लागतात. त्यामुळे एका वर्षी तोडल्या जाणाऱ्या झाडांच्या कितीतरी पट झाडे शेतात उभी असतात. ती हवेतील कार्बन शोषतात, जमिनीची धूप रोखतात व पक्ष्यांना आसरा देतात. तोडलेल्या झाडाच्या जागी नवीन रोप लावले जाते. मात्र ही एकपीक शेती असल्याने तीत तणनाशके व कीटकनाशके वापरली जातात. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होणारी मूळकूज ही फ्रेझर फरच्या लागवडीपुढील मोठी समस्या आहे.

कृत्रिम झाडे

कृत्रिम झाडांसाठी प्रामुख्याने पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी) व पॉलिइथिलीन ही प्लॅस्टिके वापरली जातात. पीव्हीसीच्या पातळ पत्र्याच्या बारीक पट्ट्या कापून त्या दोन तारांमध्ये पिळल्या जातात व फांद्या बनतात. पॉलिइथिलीनची पाने साच्यात ओतली जात असल्याने ती खऱ्या पानांसारखी दिसतात, परंतु अशी झाडे महाग असतात. खोड व पाया पोलादाचा असतो. जगातील बहुतांश कृत्रिम झाडे चीनमध्ये तयार होतात. प्लॅस्टिक व धातू एकमेकांत गुंतलेले असल्याने त्यांचे पुनर्चक्रण कठीण असते आणि टाकून दिलेली झाडे सहसा कचराभूमीत जातात.

पर्यावरणावरील परिणाम

ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार, दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामुळे सुमारे ४० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू उत्सर्जित होतात. तेवढ्याच उंचीचे नैसर्गिक झाड कचराभूमीत टाकल्यास हे प्रमाण सुमारे १६ किलोग्रॅम, तर ते जाळल्यास किंवा त्याचा भुसा केल्यास सुमारे ३.५ किलोग्रॅम असते. या फरकाचे कारण कुजण्याच्या प्रक्रियेत आहे. झाड जाळल्यावर त्याने वाढताना शोषलेला कार्बनच हवेत परत जातो. कचऱ्याखाली दबलेले झाड मात्र प्राणवायूविना कुजते व त्यातून मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता रोखणारा वायू बाहेर पडतो.

या आकड्यांची तुलना केल्यास, दर वर्षीचे खरे झाड कचराभूमीत टाकणाऱ्या कुटुंबासाठी कृत्रिम झाड तिसऱ्या वर्षापासूनच कमी हानिकारक ठरते. खऱ्या झाडाचा भुसा होत असेल, तर मात्र तेच कृत्रिम झाड किमान १२ वर्षे वापरावे लागते.

इतर अभ्यासांचे निष्कर्षही असेच वेगवेगळे आहेत. माँट्रिऑल येथील एलिप्सॉस या संस्थेच्या इ.स. २००९ मधील जीवनचक्र अभ्यासानुसार कृत्रिम झाड २० वर्षांहून अधिक काळ वापरले तरच ते सरस ठरते. कृत्रिम झाडांच्या व्यवसायाशी संबंधित अमेरिकन ख्रिसमस ट्री असोसिएशनने करवून घेतलेल्या इ.स. २०१८ मधील अभ्यासात हीच मर्यादा सुमारे पाच वर्षे आढळली. वाहतुकीचे अंतर, विल्हेवाटीची पद्धत व झाडाचा आकार यांविषयीची गृहीतके बदलली की निष्कर्षही बदलतात. खरे झाड आणण्यासाठी मोटारीने केलेला लांबचा प्रवास त्याचा फायदा बऱ्याच अंशी नाहीसा करू शकतो.

सुरक्षितता व आरोग्य

पूर्वी झाडावर मेणबत्त्या लावल्या जात व त्यामुळे आगी लागत. विजेच्या माळांमुळे हा धोका कमी झाला, परंतु वाळलेले नैसर्गिक झाड आजही अत्यंत ज्वालाग्राही असते. पेटल्यावर ते मिनिटभरात पूर्णपणे ज्वाळांनी वेढले जाऊ शकते. म्हणून झाड घरी आणल्यावर बुंध्याचा तळ दोन-तीन सेंटीमीटर कापून ते पाण्याच्या भांड्यात उभे करण्याची, रोज पाणी घालण्याची व ते उष्णतेच्या स्रोतापासून दूर ठेवण्याची शिफारस केली जाते. अनेक कृत्रिम झाडांवर अग्निरोधक प्रक्रिया केलेली असते, तथापि तीही पूर्णतः अज्वलनशील नसतात.

नैसर्गिक झाडावरील बुरशीचे बीजाणू व डिंकाचा वास यांमुळे दमा किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना त्रास होऊ शकतो. साठवणीतून काढलेल्या कृत्रिम झाडावर धूळ व बुरशी साचलेली असू शकते. जुन्या पीव्हीसी झाडांत स्थिरक म्हणून शिशाची संयुगे वापरली जात. प्लॅस्टिक जीर्ण झाल्यावर त्यांची धूळ सुटते व ती लहान मुलांना विशेष घातक असते. त्यामुळे अतिशय जुने झाड आणखी वापरत राहणे नेहमीच हिताचे नसते.

विल्हेवाट व पुनर्वापर

अनेक शहरांत जानेवारीमध्ये नैसर्गिक झाडे गोळा करून त्यांचा भुसा केला जातो व तो उद्यानांत आच्छादन म्हणून पसरला जातो. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात जुनी झाडे किनाऱ्यावरील दलदलींची धूप रोखण्यासाठी, तर इंग्लंडमधील लँकशायरच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या टिकवण्यासाठी पुरली जातात. बर्लिनमधील प्राणिसंग्रहालयांत न विकलेली झाडे हत्तींना खाऊ घातली जातात.

कुंडीतील जिवंत झाड हा तिसरा पर्याय आहे. काही ठिकाणी अशी झाडे भाड्याने मिळतात व सणानंतर रोपवाटिकेत परत जातात. थंड प्रदेशातील झाड उबदार खोलीत फार दिवस राहिल्यास त्याची हिवाळी सुप्तावस्था मोडते आणि बाहेर नेल्यावर ते गारठून मरू शकते. म्हणून ते घरात साधारण आठवडा-दहा दिवसच ठेवतात.

भारतातील स्थिती

फर व स्प्रूस हे वृक्ष भारतात मुख्यतः हिमालयात आढळतात. महाराष्ट्र व गोव्याच्या उष्ण हवामानात ते वाढत नाहीत. येथे कृत्रिम झाडांचा वापर अधिक असून मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट ही त्यांची जुनी बाजारपेठ आहे. रोपवाटिकांत 'ख्रिसमस ट्री' या नावाने विकले जाणारे कुंडीतील झाड बहुधा अरोकेरिया प्रजातीचे असते. ते मूळचे दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरील असून उष्ण, दमट हवेत तग धरते. थंडीतील सुप्तावस्थेचा प्रश्न नसल्याने ते वर्षभर अंगणात वाढवून दर नाताळात पुन्हा सजवता येते. किनारपट्टीवर सुरूच्या फांद्याही वापरल्या जातात. महाराष्ट्राच्या नागरी भागांत वृक्षतोडीवर इ.स. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने निर्बंध आहेत.

हेही पहा

नाताळ
सूचिपर्णी वृक्ष
जीवनचक्र मूल्यमापन
पॉलिव्हिनाइल क्लोराइड