उसाचा चरक आणि कुंडलचा माळ

कॅनडा-अमेरिकेच्या थंड मुलखात मेपलच्या झाडाचा रस काढून आटवतात. सुमारे ४० लिटर रसाचा जेमतेम एक लिटर पाक होतो. आपलं गुऱ्हाळ त्याचंच भावंड. १०० किलो उसामागे साधारण १० किलो गूळ पडतो. म्हणून चरकातून रस किती निघतो, यावर शेतकऱ्याचं वर्षाचं गणित बसतं किंवा फसतं. जुन्या लाकडी चरकात बराच रस चिपाडातच राहून जाई.

हा रस वाचवणारे लोखंडी चरक महाराष्ट्राच्या एका ओसाड माळावर तयार झाले. ते घडवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला बढती दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात भावासोबत सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला.

नांगराला दोनेक वर्षं गिऱ्हाईक मिळता मिळेना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असा समज होता. या समजाला आपण सहज अडाणीपणा म्हणतो. पण नवं यंत्र फसलं, तर कारखानदाराचा एक नांगर पडून राहतो. शेतकऱ्याचं मात्र वर्षभराचं धान्य जातं. त्याचा अविश्वास हाही हिशेबच होता. भाषणांनी तो मिटणारा नव्हता. शेजारच्या रानात नांगर चाललेला दिसला, तेव्हाच मिटला.

पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि १० हजार रुपये कर्ज दिलं. मार्च १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहू लागला. तिथून नांगर निघाले, उसाचे चरक निघाले, शेंगा फोडायची यंत्रं निघाली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या लोखंडाचे नांगर झाले.

आपल्या मराठवाड्यात उद्योगाचा विषय निघाला की आधी जमीन, वीज आणि सवलतींची यादी पुढे येते. त्या यादीत गिऱ्हाईक शेवटी असतं. कुंडलच्या माळावर निवडुंगाखेरीज फारसं काही नव्हतं, पण नांगर-चरक वापरणारा शेतकरी हाकेच्या अंतरावर होता. पुढे त्या स्टेशनाचं नावच किर्लोस्करवाडी झालं.