खेळ नवे यंत्र चालवते, ठोके जुन्या घड्याळाचे

१९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. पडद्यावर ५५ परग्रहवासीयांची फौज डावीउजवीकडे सरकत खाली उतरते. खेळणारा त्यांना एकेक करून टिपतो, आणि शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले अधिक वेगाने चालून येतात. हा वाढता वेग म्हणजे त्या खेळाचा प्राण. परंतु तो मुळात कोणी योजलेला नव्हता. इतक्या आकृत्या एकाच वेळी हलवणे त्या यंत्रातील इंटेल ८०८० प्रोसेसरला झेपत नव्हते. त्या एकामागून एक हलवाव्या लागत. संख्या घटली की फेरी लवकर पूर्ण होई आणि फौज धावू लागे. खेळाचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ही उणीव दूर केली नाही. तिलाच खेळाचे अंग बनू दिले.

जुने खेळ नव्या यंत्रांवर चालवण्याच्या तंत्रामागील मूळ प्रश्न या एका उदाहरणात सामावला आहे. यंत्राची दुर्बलताच जर खेळाचा भाग असेल, तर बलवान यंत्रावर तो खेळ तसाच कसा उभा करायचा? या तंत्राचे नाव एम्युलेशन. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राची भूमिका इतक्या बारकाईने वठवायची की त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला फरक कळूच नये.

हे तंत्र खेळांसाठी जन्माला आलेले नाही. त्याचा तात्त्विक पाया ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच घातला होता. कोणत्याही गणनयंत्राचे वर्णन अंकांत लिहिता येते आणि ते वर्णन वाचून दुसरे यंत्र त्याचे काम करू शकते, असे त्यांनी दाखवले. व्यवहारात ही गरज भासली ती आयबीएम कंपनीला. १९६४ मध्ये कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ ही नवी संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा तिचे असंख्य ग्राहक जुन्या १४०१ यंत्रांवर हिशेब करत होते. नव्या यंत्रासाठी सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहायला कोण तयार होणार? म्हणून नव्या यंत्राच्या अंतर्गत सूचनासंचातच जुन्या यंत्राचे वागणे बसवण्यात आले. ‘एम्युलेटर’ हा शब्द संगणकाच्या परिभाषेत रुळला तो त्याच सुमारास, आयबीएमच्याच अभियंत्यांमुळे. थोडक्यात, नवे यंत्र आल्यावर जुने काम वाया जाऊ नये, हीच या तंत्राची मूळ प्रेरणा होती.

खेळांच्या बाबतीत हे घडते कसे, हे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलवरून समजून घेता येते. या यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात भारतातील घराघरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून पोहोचल्या होत्या. त्याचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांच्या गतीने चाले आणि त्याची कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट होती. कॅसेटमधील प्रोग्रॅम म्हणजे अंकांची लांबलचक माळ. त्यात आज्ञेच्या जागी १६९ हा अंक आला, तर त्याचा अर्थ ‘पुढचा अंक उचलून मुख्य नोंदकोशात ठेव’ असा होतो. एम्युलेटर प्रत्येक अंक वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि आपल्या स्मृतीत मांडलेल्या काल्पनिक नोंदकोशांत तसा बदल करतो. एवढे काम एखादा चिकाटीचा विद्यार्थीही करू शकेल.

खरी कठीण गोष्ट म्हणजे काळ. फॅमिकॉममध्ये चित्र रंगवणारी वेगळी चिप होती. प्रोसेसरचा एक ठोका पडेपर्यंत ती पडद्यावर तीन ठिपके पुढे सरके. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ च्या खेळात वरची गुणांची पट्टी स्थिर राहते आणि खालची जमीन सरकते. हे साधण्यासाठी प्रोग्रॅम एका खुणेची वाट पाहतो. चित्र रंगवणारी चिप वरच्या पट्टीतील नाण्याच्या आकृतीपर्यंत पोहोचली की खूण मिळते आणि त्या क्षणापासून उरलेले चित्र सरकवले जाते. एम्युलेटरने ती खूण दिलीच नाही, तर खेळ तिची वाट पाहत कायमचा थिजून राहतो. आज्ञा अचूक वाचूनही ठोके चुकले, तर यंत्र उभे राहत नाही.

१९९७ मध्ये सामान्य संगणकांवरच हे प्रयोग बहरले. फॅमिकॉमचे खेळ चालवणारा ‘नेस्टिकल’ वेगाला महत्त्व देई आणि त्यासाठी अचूकतेत तडजोड करी. त्याच वर्षी इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ हा प्रकल्प सुरू केला. जुन्या आर्केड यंत्रांच्या रचनेची नोंद जपणे हा त्याचा घोषित हेतू. खेळ खेळता येणे हा त्याचा जोडलाभ. पुढे २००४ च्या ‘बीएसनेस’ने अचूकतेचाच ध्यास घेतला. सुपर फॅमिकॉमचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चाले. त्याचे प्रत्येक स्पंदन जसेच्या तसे उभे करण्यासाठी सुमारे ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागू लागला. जुन्या काळाची हुबेहूब प्रत करायला जवळजवळ हजारपट वेग खर्ची पडला. २०१० मध्ये काही संशोधकांनी ६५०२ या प्रोसेसरचे आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली आणि त्यावरून त्यातील साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांचे जाळे संगणकावर पुन्हा चालते केले. फॅमिकॉमचा प्रोसेसर याच कुळातला. ही पद्धत उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाच्या कामाहून फारशी वेगळी नाही.

ज्या कंपन्यांनी एकेकाळी या प्रयोगांकडे संशयाने पाहिले, त्यांनीच पुढे हे तंत्र विकायला काढले. निन्टेन्डोने २००६ च्या ‘वी’ कन्सोलवर जुने खेळ विक्रीस ठेवले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे खेळ सर्वस्वी निराळ्या प्रोसेसरच्या एक्सबॉक्स वनवर आणले. सोनीच्या २०१८ च्या ‘प्लेस्टेशन क्लासिक’मध्ये तर स्वयंसेवकांनी घडवलेला मुक्तस्रोत एम्युलेटर होता. विशेष म्हणजे याच सोनीने प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर दावा लावला होता. २००० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, सुसंगत नवे उत्पादन घडवण्यासाठी जुन्या यंत्राचा अंतर्गत प्रोग्रॅम उलगडून अभ्यासणे हा वाजवी वापर आहे. भारताच्या प्रताधिकार कायद्यातही कलम ५२ नुसार, इतर प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यापुरती आवश्यक माहिती मिळवणे आणि प्रोग्रॅमच्या कार्यामागील तत्त्वे जाणण्यासाठी त्याचे निरीक्षण करणे, यांस काही अटींवर मुभा आहे. खेळाच्या प्रती वाटण्याचा परवाना मात्र त्यातून मिळत नाही.

येथेच खरा पेच आहे. ‘वी’वरील दुकान २०१९ मध्ये बंद झाले आणि तेथे खेळ विकत घेण्याची सोय संपली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नसल्याचे आढळले. संशोधकांना असे खेळ ग्रंथालयांतून दूरस्थपणे अभ्यासू द्यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील प्रताधिकार कार्यालयाने फेटाळली.

भारताला अशा हानीचा अनुभव आहे. १९३१ चा ‘आलम आरा’ हा देशातील पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर बराच उशीर झाला होता. चित्रपटाची प्रत सापडली तर ती दाखवायला कोणताही योग्य प्रक्षेपक चालतो. खेळाची प्रत सापडूनही भागत नाही. तिला तिचे यंत्रही लागते. ते यंत्र गंजते, त्याच्या चिपा निकामी होतात आणि त्या बनवणारे कारखाने कधीच बंद झालेले असतात. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची ती उणीव आजही अनुभवता येते, कारण कोणीतरी त्या यंत्राचे वागणे वेळेत नोंदवून ठेवले. ज्या यंत्रांची अशी नोंद झालेली नाही, त्यांच्यापैकी काही अजून चालू स्थितीत आहेत. नोंद करायची तर ती आताच करायला हवी.