चूक समोरच्याची, ठोकली गाडी आपली : विम्याचा क्लेम कुठे करायचा?

सिग्नलला थांबलेल्या कारला मागून कुणी ठोकलं, तर 'चूक त्याची, भरपाई त्याची' असं वाटणं साहजिक आहे. पण नुकसान किरकोळ असेल तर हिशोब वेगळा निघू शकतो.

आधी जागेवरच काय कराल?

- कुणाला इजा झाली असेल तर ११२ वर फोन करा.
- दोन्ही गाड्या, नंबरप्लेट आणि रस्ता दिसेल असे फोटो घ्या.
- समोरच्याचं नाव, मोबाइल नंबर आणि पॉलिसीचा तपशील घ्या. विम्याची मुदत एमपरिवहन ॲपवर तपासता येते.
- क्लेम करायचा असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा. सर्व्हे होण्याआधी गाडी दुरुस्त करू नका.

भरपाईचे तीन मार्ग

१. स्वतःच्या पॉलिसीतून : काँप्रिहेन्सिव्ह किंवा ओन डॅमेज कव्हर हवं. चूक कुणाचीही असो, क्लेम मिळतो. मात्र नो क्लेम बोनस जातो, तुमची चूक नसली तरीही.

२. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून : कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. मालमत्तेच्या नुकसानीसाठी कारच्या पॉलिसीत साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत कव्हर असतं. पण त्यासाठी पोलिसांत नोंद करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार दाव्याची मुदत सहा महिने आहे. छोट्या डेंटसाठी ही धावपळ सहसा परवडत नाही.

३. आपसात मिटवून : गॅरेजचं एस्टिमेट घ्या, रक्कम लेखी ठरवा आणि पैसे यूपीआयने घ्या. त्याच नुकसानीचा क्लेम नंतर विमा कंपनीकडे करू नका.

क्लेम परवडतो का?

समजा, बिल ६,००० रुपये आहे. १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये स्वतः भरावे लागतात. झिरो डेप असेल तर ५,००० मिळतील. नसेल तर आणखी कमी, कारण प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात.

आता दुसरी बाजू. ओन डॅमेज प्रीमियम १२,००० आहे आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के बोनस मिळणार होता. म्हणजे ५,४०० रुपयांची सूट गेली. शिवाय पुढे पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात.

'एनसीबी प्रोटेक्ट' घेतलं असेल तर बोनस वाचू शकतो. पॉलिसीतल्या अटी वाचा.

लक्षात ठेवा : तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पहिला मार्ग बंद असतो. मग जागेवर घेतलेले फोटो आणि तपशील हाच तुमचा आधार.